आजीचे पाय, चाळीतली मोरी आणि डायपर : शी-शूच्या सवयीचा छोटासा इतिहास

(हे एपिसोडचं लिखित रूप आहे. बोलताना आलेले बरेचसे ‘म्हणजे ना’ आणि ‘तर मग’ काढलेत, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय. ज्यांना ऐकायला वेळ नाही, त्यांनी कंपनीच्या बसमध्ये वाचा.)

रात्रीचे अकरा वाजून गेलेत, लेक झोपलीय, नवरा सेकंड शिफ्टवरून यायचाय. म्हणजे रेकॉर्डिंगला अर्धा तास मिळाला. मागून ट्रकचे हॉर्न ऐकू आले तर समजून घ्या, तळेगाव-चाकण रस्ता आमच्यापासून लांब नाही. आणि नवीन श्रोत्यांसाठी पुन्हा एकदा सांगते: मी महाळुंग्यात राहते, पण ते बालेवाडीजवळचं उंच टॉवरवालं महाळुंगे नाही. आमचं महाळुंगे इंगळे, तालुका खेड.

आजचा विषय ऐकून काही जण नाक मुरडतील. जेवत असाल तर आधी जेवून घ्या. आज आपण बोलणार आहोत शी आणि शूबद्दल. लहान मुलाला ती सवय लागते कशी, कधी, आणि मुख्य म्हणजे ती लावतं कोण, या गोष्टीचाही इतिहास आहे.

सुरुवात एका फॉर्मपासून झाली. लेक दोन वर्षं दोन महिन्यांची झाली तेव्हा आम्ही एका प्ले-स्कूलची चौकशी करायला गेलो. फॉर्मवर नाव, पत्ता, रक्तगट, आणि त्याखाली एक प्रश्न: ‘मूल टॉयलेट ट्रेन्ड आहे का? हो / नाही.’ मी ‘नाही’वर खूण केली. समोरच्या मॅडम गोड हसल्या आणि म्हणाल्या, ‘मग झालं की या.’ घरी आले तर सासूबाई गावाहून आलेल्या, औसा तालुक्यातून. त्यांना सांगितलं. त्यांनी लेकीच्या डायपरकडे बघितलं आणि म्हणाल्या, ‘आमच्या टायमाला कुठं होतं असलं? आमची लेकरं चालाया लागायच्या आधी सांगायची.’

झालं. शाळेसाठी मी उशिराची आणि घरात मी आळशी. त्या रात्री झोप येईना, मग मी वाचायला बसले. की खरंच असं होतं का? आणि होतं, तर मग आत्ता का नाही?

आजी खोटं बोलत नाहीत

पहिली गोष्ट कबूल करते. सासूबाईंचं म्हणणं बरंचसं खरं निघालं.

तुमच्यापैकी ज्यांनी गावाकडे बाळंतीण पाहिली असेल, त्यांना हे चित्र माहीत असेल. बाई पाटावर किंवा खाली उकिडवी बसते, दोन्ही पावलं जवळ घेते, पावलांमध्ये थोडी फट ठेवते, आणि त्या फटीवर बाळाला बसवते. बाळाची पाठ तिच्या नडग्यांना टेकलेली. आणि मग तोंडाने ‘शूऽऽ शूऽऽ’. झोपून उठल्यावर, दूध प्यायल्यावर, अंघोळीच्या आधी. दिवसातून पाच-सहा वेळा. ज्या पायांवर बाळाला न्हाऊ घालायचं, तेच पाय संडासाचं भांडं. घरात दुसरं भांडं नव्हतंच, आणि त्याची गरजही नव्हती.

अंगात काय, तर झबलं. खाली काही नाही. बाहेर जाताना लंगोट, नाहीतर बाळुतं. बाळुतं म्हणजे जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्याचा तुकडा. खाली जमीन शेणाने सारवलेली. बाळाने केलीच तर वर राख टाकायची, पत्र्याच्या तुकड्याने उचलायची, उकिरड्यावर नेऊन टाकायची. जमीन ओल शोषून घ्यायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा सारवण. आता हेच आमच्या खोलीतल्या गुळगुळीत फरशीवर करून बघा! ओघळ थेट पलंगाखाली.

याचा कुणी अभ्यास केलाय का, म्हणून शोधलं. १९७७ मध्ये डीव्हरीस नावाच्या दोन संशोधकांनी पूर्व आफ्रिकेतल्या डिगो समाजाबद्दल लिहिलं होतं. तिथल्या आया बाळ दोन-तीन आठवड्यांचं झालं की सुरुवात करतात. पाय लांब करून बसतात, बाळाला पायांमध्ये धरतात आणि तोंडाने ‘शूऽ’सारखाच आवाज काढतात. आणि बाळं पाच-सहा महिन्यांत बहुतेक वेळ कोरडी राहायला लागतात. मी हे वाचून सासूबाईंना सांगितलं, की आफ्रिकेतसुद्धा तुमच्यासारखंच करतात. त्यांना काही विशेष वाटलं नाही. ‘मग दुसरं कसं करणार?’ म्हणाल्या.

पण इथे एक बारकावा आहे, आणि माझ्या मते सगळी भांडणं इथेच होतात. सहा महिन्यांचं बाळ स्वतः उठून जात नाही, चड्डी काढत नाही, ‘मला आलीय’ असं सांगत नाही. त्याच्या हालचालीवरून, तोंडावरून, वेळेवरून मोठं माणूस ओळखतं आणि त्याला पायावर घेतं. बाळाला आवाजाची सवय लागते हे खरं, पण त्याहून जास्त सवय लागलेली असते ती बघणाऱ्याला. आणि डॉक्टर जेव्हा ‘दोन-अडीच वर्षं’ म्हणतात, तेव्हा ते वेगळीच गोष्ट मोजत असतात: मुलाला स्वतःला कळणं, थोडा वेळ धरून ठेवता येणं, सांगता येणं, चड्डी खाली ओढता येणं. आजी एक मोजते, डॉक्टर दुसरं मोजतात. दोघंही बरोबर, आणि मधे आपण रडतोय.

अमेरिकेने तीन महिन्यांवरून अडीच वर्षांवर उडी कशी मारली

आता जरा लांब जाऊ, कारण आपल्या फोनवर पॉटी ट्रेनिंगचा जो सल्ला येतो त्यातला बराचसा तिकडून येतो.

१९१४ मध्ये अमेरिकेच्या सरकारी बालक विभागाने आयांसाठी एक पुस्तिका काढली. त्यात काय सल्ला होता? तिसऱ्या महिन्यापासून, जमलं तर त्याच्याही आधीपासून, बाळाला ठरलेल्या वेळी भांड्यावर धरा. म्हणजे तेव्हाची अमेरिका माझ्या सासूबाईंच्याच पार्टीत! कारणही तेच. कपड्याच्या घड्या हाताने धुवायच्या, पाणी तापवायचं, वाळवायचं. लवकर सुटलं तर आईची कंबर वाचणार. फक्त तिकडे त्याला शिस्तीची जोड दिली. घड्याळ म्हणजे घड्याळ.

मग हळूहळू उलटा विचार सुरू झाला की इतकी जबरदस्ती बरी नाही. मुलं शी दाबून ठेवतात, बद्धकोष्ठता होते, भांड्याची भीती बसते. १९६२ मध्ये बेरी ब्रेझल्टन नावाच्या बालरोगतज्ज्ञाने आपल्या दवाखान्यातल्या ११७० मुलांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. त्यांचं म्हणणं: मुलाची तयारी दिसू द्या, मग सुरू करा. त्या मुलांमध्ये दिवसा कोरडं राहायला लागायचं सरासरी वय होतं २८.५ महिने. आज जगभरचे डॉक्टर ‘मुलाच्या कलाने घ्या’ म्हणतात, त्याच्या मुळाशी बरंचसं हे काम आहे.

आणि याच काळात दुसरी एक गोष्ट घडत होती. १९४६ मध्ये मॅरियन डोनोव्हन या बाईंनी बाथरूमचा पडदा कापून लंगोटावर घालायचं न गळणारं आवरण शिवलं. १९६१ मध्ये प्रॉक्टर अँड गँबल कंपनीने पॅम्पर्स हा वापरून फेकायचा डायपर पिओरिया नावाच्या गावात विकून पाहिला. सुरुवातीला एकाची किंमत होती १० सेंट. लोकांना महाग वाटला, मग किंमत खाली आणली आणि तो चालला. १९८० च्या दशकात आत पाणी शोषून जेली बनवणारी पावडर आली आणि डायपर पातळ झाला. ओलं झालं तरी मुलाला ओलं वाटेना. सोय झाली, पण ‘मला ओलं वाटतंय’ हा जो निरोप मुलाला स्वतःच्या अंगाकडून मिळायचा, तोही मंदावला.

आता गंमत ऐका. १९९८ मध्ये पॅम्पर्सने आणखी मोठ्या मुलांसाठी नवा साइज काढला, सहा नंबर. त्याच्या टीव्हीवरच्या जाहिरातीत कोण दिसले? तेच डॉक्टर ब्रेझल्टन. यावरून तिकडे बराच वाद झाला. माझं म्हणणं असं नाही की त्यांचा १९६२ चा अभ्यास खोटा. मुलावर जबरदस्ती करू नये हे आजही खरंच आहे. पण ‘घाई नको’ हा डॉक्टरचा सल्ला आणि ‘घाई नको’ हा दुकानदाराचा सल्ला ऐकायला सारखाच येतो, एवढं लक्षात ठेवू.

संडास मोठ्यांचा होता

परत घरी येऊ. सवय लावायची म्हणजे मुलाला न्यायचं कुठे? हा प्रश्न आपल्याकडे फार जुना नाही, कारण नेण्यासारखी जागाच बहुतेक घरात नव्हती.

२०११ ची जनगणना बघा. महाराष्ट्रातल्या ५३.१ टक्के घरांच्या आवारात संडास होता. नुसती खेडी घेतली तर ३८ टक्के. म्हणजे आज पंचविशीत असलेल्या, गावाकडून इथे कामाला आलेल्या कितीतरी जणांचं लहानपण संडासाशिवायच गेलं. तेव्हा मुलाची प्रगती कशी मोजायची? आधी पायावर, मग अंगणात, मग घरामागे, मग मोठ्यांबरोबर तांब्या घेऊन बाहेर. ‘ट्रेनिंग’ पूर्ण झालं म्हणजे मूल गावाबाहेर जायला लागलं.

२०००-०१ मध्ये आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना राज्यात संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. गावागावात स्पर्धा, रंगवलेल्या भिंती, पुढे पहाटे शिट्ट्या फुंकणारी गुड मॉर्निंग पथकं. २०१४ ला स्वच्छ भारत अभियान आलं आणि एप्रिल २०१८ मध्ये सरकारने ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त झाल्याचं जाहीर केलं. खूप मोठा बदल आहे हा, विशेषतः बायकांसाठी. माझी आई अंधार पडायची वाट बघायची. मला बघावी लागली नाही.

पण नीट बघा, बांधला गेलेला संडास मोठ्यांच्या मापाचा. दोन वर्षांच्या मुलाला ते भोक केवढं दिसत असेल! पाय फाकवून बसताना तोल जातो, आत अंधार, कडी वर. म्हणून घरात संडास आला तरी लेकराची शी बाहेरच राहिली, कागदावर, गटाराच्या कडेला. आणि वर एक समजूत: ‘लेकराची तर आहे, तिला काय होतंय.’ ही समजूत मात्र चुकीची. लहान मुलाच्या शीतही जुलाब, जंत, कावीळ पसरवणारे जंतू असतात, आणि लहान मुलं वारंवार आजारी पडतात म्हणून ते भरपूर असतात. ती उचलून संडासात टाकायची आणि साबणाने हात धुवायचे. यात आजीचं ऐकू नका.

गिरणीतली आई

आता आमच्या खोलीबद्दल सांगते. दहा बाय बाराची खोली, कोपऱ्यात मोरी, ओळीने दहा खोल्या आणि टोकाला तीन संडास. सकाळी सहाला फर्स्ट शिफ्टवाल्यांची रांग. दोन वर्षांच्या मुलीला आली म्हणून रांगेतले चार जण बाजूला होतात हो, माणसं चांगली आहेत. पण ती थांबणार किती? तिला सांगता येतं तेव्हा फार तर एक मिनिट हातात असतं. त्यामुळे मोरी, नाहीतर वर्तमानपत्र, नाहीतर डायपर.

मला वाटायचं हा आमचा, चाकण पट्ट्याचा नवा प्रश्न. एमआयडीसीची स्थापना १९६२ ची, पण इकडे खरी गर्दी झाली ती नंतर. महाळुंग्यात बजाजचा कारखाना १९९९ मध्ये आला, २००९ च्या सुमाराला परदेशी गाड्यांचे कारखाने आले, मागोमाग सुटे भाग बनवणारे, आणि त्यांच्या मागे आमच्यासारखी लातूर, बीड, बुलढाणा, जळगावची माणसं. शेतांच्या कडेने खोल्यांच्या ओळी उभ्या राहिल्या.

पण हे सगळं एकदा आधी होऊन गेलंय. शंभर वर्षांपूर्वी, मुंबईत. १९२० च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींमध्ये एका कुटुंबाला १६० चौरस फुटांची एक खोली, आणि संडास मजल्यावर सामाईक. म्हणजे माझी खोली आणि परळ-वरळीच्या गिरणी कामगाराची खोली, फरक मोबाइल चार्जरचा! तेव्हा मुंबईच्या कापड गिरण्यांत साधारण पाचवा हिस्सा बायका होत्या. कोकणातून, घाटावरून आलेल्या. गावात त्यांच्या बाळाकडे बघायला सासू होती, जाऊ होती, शेजारीण होती. इथे कोण?

१९२० च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने डॉ. बार्न्स नावाच्या डॉक्टरीण बाईंना गिरणीतल्या बायकांची बाळंतपणं आणि मुलं यांची पाहणी करायला नेमलं. त्यांना जे दिसलं त्यातली एक गोष्ट वाचून माझ्या अंगावर काटा आला. आया कामावर जाताना बाळाला अफूची गोळी द्यायच्या. ‘बाळागोळी’ म्हणायचे तिला. दिवसभर बाळ झोपून राहायचं. त्या आया वाईट नव्हत्या. त्यांना दहा तास यंत्रापुढे उभं राहायचं होतं आणि बाळाकडे बघायला माणूस नव्हतं. १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या लाभाचा कायदा झाला, देशातला पहिला. १९४८ च्या कारखाना कायद्यात पाळणाघर आलं. आधी ५० पेक्षा जास्त बायका असतील तिथे, १९७६ च्या दुरुस्तीनंतर ३० पेक्षा जास्त असतील तिथे. म्हणजे पाळणाघरासाठी फक्त बायका मोजायच्या. बाप कामगाराला मूल असतं हे कायद्याच्या लक्षात यायला २०१७ उजाडलं, तेव्हा ‘५० किंवा जास्त कर्मचारी’ असं झालं, बाई असो की बुवा.

डायपर म्हणजे अफू नाही, हे मी स्पष्ट सांगते. डायपर घातला म्हणून बाळाला विष दिलं असं होत नाही, आणि कुणा आईने अपराधी वाटून घेऊ नये. पण दोन्ही वस्तू एकाच रिकाम्या जागेत आल्या. बाळाकडे बघणारं माणूस कमी झालं आणि त्या जागी विकत घेता येईल असं काहीतरी आलं.

मग सासूबाई एक वाक्य बोलल्या

हे सगळं मी एका रविवारी त्यांना सांगत होते. भाजी निवडत होत्या. मी विचारलं, ‘आई, पण तुम्ही तर शेतात जायचात. मग दिवसभर ह्यांना पायावर कोण धरायचं?’

त्या म्हणाल्या, ‘मी कुठं? ताईनं केलं सगळं.’

ताई म्हणजे माझी मोठी नणंद. माझ्या नवऱ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. भावाला कडेवर घेऊन फिरायची, त्याचं तोंड बघून ओळखायची, राख टाकायची, बाळुती धुवायची. चौथीनंतर शाळा सुटली तिची. ‘पुन्हा बसवू म्हणलं, पण राहिलंच,’ एवढंच सासूबाई बोलल्या आणि निवडलेली मेथी उचलून मोरीकडे गेल्या.

मंडळी, मला ‘आमच्या टायमाला’चा अर्थ तेव्हा कळला. त्या काळात वेळ फुकट नव्हता. तो कुणाचा तरी होता, आणि पुष्कळ घरांत तो आठ-नऊ वर्षांच्या मुलीचा होता.

ही गोष्ट महाराष्ट्रात दोन बायकांनी फार आधी ओळखली होती: ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या पालघर जिल्ह्यातल्या, बोर्डीला त्यांनी गावातल्या गरीब मुलांसाठी बालवाडी सुरू केली. तिथे गाणी-गोष्टींच्या आधी असायची स्वच्छता: हात-पाय धुणं, अंघोळ, केस विंचरणं. मुलं यायला कचरतात म्हटल्यावर त्या स्वतः वस्तीवर, लोकांच्या अंगणात गेल्या, आणि त्यातून शब्द तयार झाला ‘अंगणवाडी’. पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी विकासवाडी उभी केली. पाळणाघर, बालवाडी आणि शाळा, सगळं एकत्र. म्हणजे थोरली बहीण धाकट्याला कडेवर घेऊन येईल, त्याला पाळणाघरात ठेवेल आणि स्वतः वर्गात बसेल. १९७५ मध्ये देशभर एकात्मिक बालविकास योजना आली तेव्हा केंद्राचं नाव पडलं अंगणवाडी. आज आपल्याला तो सरकारी शब्द वाटतो, पण तो आपल्याच बायकांनी घडवलाय. आणि माझ्या नणंदेच्या गावात त्या वेळी विकासवाडी असती तर? असो.

हगीज कुठून येतं, कुठे जातं

आता थोडं हसू. मराठी घरात कुठल्याही कंपनीचा डायपर असला तरी त्याला ‘हगीज’ म्हणतात. इंग्रजीत त्या नावाचा अर्थ मिठीशी जोडलेला आहे, पण मराठी माणसाला ते ऐकून मिठी आठवत नाही हे तुम्हाला माहीतच आहे! १९९० च्या दशकात हिंदुस्तान लिव्हर आणि किंबर्ली-क्लार्क यांनी मिळून भारतात हे आणलं. कारखाना कुठे? सणसवाडीला, पुणे-नगर रस्त्यावर. चाकणहून शिक्रापूरला जा आणि पुण्याकडे वळा, आलंच. २०१७ मध्ये हिंदुस्तान युनिलिव्हरने यातून बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं. आधी लोक एकेक नग वापरायचे, गावाला जाताना, लग्नात, दवाखान्यात. नंतर पँटसारखे डायपर आले, पायातून घालायचे, आणि रोजचेच झाले. आता आमच्या किराणा दुकानात शाम्पूच्या पुड्यांशेजारी सुटा डायपर लटकलेला असतो.

आणि मग तो कुठे जातो? पुण्यात ज्या बायका दारोदार कचरा गोळा करतात, त्यांनी हा प्रश्न सगळ्यांसमोर आणला. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना झाली, २००८ मध्ये तिच्यातून ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था महापालिकेबरोबर कामाला लागली. सुका कचरा हाताने वेगळा करताना वापरलेले डायपर आणि पॅड हातात यायचे, उघडेच. २०१३ च्या महिला दिनाच्या सुमाराला त्यांनी वापरलेल्या पॅडच्या गोण्या थेट बनवणाऱ्या कंपन्यांना पाठवून दिल्या. तुमची वस्तू, तुम्हीच सांगा काय करायचं. २०१६ च्या घनकचरा नियमांत मग लिहिलं गेलं की कंपनीने टाकण्यासाठी पिशवी किंवा वेष्टण द्यायला हवं. आणि ‘स्वच्छ’ने लोकांना साधं काम सांगितलं: कागदात गुंडाळा, वर लाल ठिपका काढा, म्हणजे उचलणारीला कळेल आत काय आहे. आधी शी संडासात झटकायची, मग गुंडाळायचं, मग ठिपका. आमच्याकडे लाल पेन मोरीच्या वरच्या खिळ्याला दोऱ्याने बांधून ठेवलाय.

आम्ही काय केलं

तुम्ही म्हणाल, इतिहास झाला, लेकीचं काय? सांगते.

पहिल्यांदा बघितलं ती तयार आहे का. दोन-दोन तास कोरडी राहत होती, कोपऱ्यात जाऊन उभी राहायची, झालं की ‘शी’ म्हणायची. म्हणजे कळत होतं, फक्त उशिरा सांगत होती. मग बाजारातून प्लास्टिकची छोटी पॉटी आणली, पाय जमिनीला टेकतील अशी, आणि मोरीशेजारी ठेवली. दिवसा डायपर बंद, सुती चड्ड्या डझनभर. उठल्यावर, दूध प्यायल्यावर, जेवणानंतर बसवायचं, पाच मिनिटं, नाही झाली तर उठवायचं. ओरडायचं नाही. पॉटीवर बसायला घाबरली तेव्हा सासूबाईंनी तिला आधी पायावर बसवलं, ‘शूऽऽ’ केलं, आणि दोन दिवसांनी पाय काढून घेतले, खाली पॉटी सरकवली. हे कुठल्याही ॲपमध्ये मला सापडलं नव्हतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, कपाटाच्या दारावर एक कागद चिकटवला. नवऱ्याच्या शिफ्टप्रमाणे कोण कधी बघणार. सेकंड शिफ्ट असली की सकाळ त्याची. पहिल्या दिवशी तो म्हणाला, ‘मला नाही कळत तिचं.’ सासूबाई म्हणाल्या, ‘तुझं तरी ताईला कुठं कळत होतं? शिकली ती. शीक.’

तीन आठवडे लागले. त्यात पलंगावर दोनदा, शेजाऱ्यांच्या चटईवर एकदा. रात्रीचा डायपर अजून आहे, आणि तो असू दे. रात्रीचा ताबा सगळ्यात शेवटी येतो, पुष्कळ मुलं चार-पाच वर्षांपर्यंत अंथरूण ओलं करतात. अडीच-तीन वर्षांत दिवसाही जमलं नाही म्हणून घाबरू नका. पण मूल शी दाबून धरत असेल, कडक होत असेल, दुखत असेल, तर हट्ट सोडा आणि डॉक्टरांना दाखवा.

परवा सकाळी मी भाकरी करत होते. नवरा झोपेतच होता. लेक त्याच्या छातीवर थापट्या मारत म्हणाली, ‘बाबा, शू.’ मला नाही सांगितलं, त्याला सांगितलं. तो धडपडत उठला.

आज एवढंच. एक काम करा, तुमच्या आईला किंवा आजीला फोन लावा आणि विचारा: मी लहान असताना मला पायावर कोण धरायचं? उत्तरात एखादी ताई, मावशी, आत्या निघाली, तर तिची गोष्ट मला व्हॉइस नोटवर पाठवा, तिला विचारून. पुढचा एपिसोड त्यांचाच करू. मी पहिला फोन माझ्या नणंदेला लावलाय. चला, गेटचा आवाज आला, नवरा आला वाटतं. भेटूया!